टर्कीची पिसे

मित्रांनो, मी एक जुना शिरोटोप आहे. पिसांचा असल्यामुळे मला मुकुट म्हणण्याची पद्धत आहे. परंतु मुकुट कुणाला तरी मानाने दिला जातो, मी मात्र कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलो. माझी पिसे टर्की या कोंबडीसारख्या पक्ष्याची. त्यांची टोके काळी रंगवली की लांबून ती गरुडाची वाटतात. मला लांबूनच पाहावे, अशी माझी रचना आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेतील एका शाळेच्या बास्केटबॉल संघांना 'चीफ्स', म्हणजे टोळीप्रमुख, असे नाव आहे. गावाला लागूनच ओजिब्वे या मूळनिवासी जमातीचे लोक पिढ्यानपिढ्या राहतात. माझ्यासारखा शिरोटोप मुळात त्यांचा नव्हेच. तो दूर पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातील जमातींचा. पण गौरवाला एवढ्या बारकाईची गरज भासत नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी सोनेरी केसांचा विद्यार्थी गाल लाल रंगवून मला डोक्यावर चढवी आणि सामन्याच्या मध्यंतरात ढोलाच्या तालावर किंचाळत नाचे. लोक टाळ्या वाजवीत. 'हा त्यांचा सन्मान आहे,' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की मला शीण आला. ज्यांचा सन्मान, त्यांना विचारल्याचे मात्र कधी ऐकले नाही.

एका सामन्याला ऑर्विल कॅडॉट नावाचे ओजिब्वे आजोबा आले. ते व्हिएतनामच्या युद्धात लढलेले. त्यांची नात डेलिया मुलींच्या संघातून खेळत होती. मध्यंतराच्या नाचात माझे एक पीस गळून पडले. त्यांच्या लोकांत नाचताना गरुडाचे पीस पडले तर ढोल थांबतो, सारे उभे राहतात आणि जुना सैनिकच ते उचलतो. आजोबांची नजर अधू. ते उभे राहिले, टोपी काढली आणि ढोल थांबण्याची वाट पाहू लागले. ढोल थांबला नाही. तेव्हा ते तसेच मैदानात उतरले.

"ओ आजोबा, संडास तिकडं आहे!" कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

आजोबांनी वाकून पीस उचलले आणि डोळ्यांजवळ नेले. डेलिया धावत आली. "आजोबा, चला ना!"

"टर्की आहे गं," ते म्हणाले. "आणि मी आपला टोपी काढून उभा! तुझ्या आत्याला सांगू नकोस हं, वर्षभर चिडवेल."

डेलिया हसली नाही.

त्या उन्हाळ्यात तिची शाळा संपणार होती. आजोबांनी तिला गरुडाचे खरे पीस दिले. त्यांच्यात ते विकत मिळत नाही, कमवावे लागते. शाळा संपल्याच्या समारंभात घालतात त्या चौकोनी टोपीला ते लावू द्या, एवढेच तिने शाळेच्या मंडळाकडे मागितले. मला पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "तुमचा नाचा एवढी पिसं घालतो. मी एक घातलं तर काय बिघडतं?"

मंडळ फार अंतर्मुख झाले. ठराव असा झाला की संघाचे नाव तेच राहावे, मला सन्मानाने निवृत्त करावे आणि समारंभाच्या टोपीला काहीही लावू नये हा गणवेशाचा नियम मात्र कायम ठेवावा. यापुढे कुणाच्याच डोक्यावर पीस नाही. समतेचा असा सोपा विजय मी अन्यत्र पाहिलेला नाही. सामने आणि समारंभ जिथे होतात त्या व्यायामशाळेच्या दाराशी मला काचेच्या कपाटात ठेवण्यात आले. खाली पाटी लागली: 'आमचा वारसा'.

समारंभाच्या दिवशी डेलिया पीस लावूनच आली. मुख्याध्यापिका मिसेस ब्रँडव्होल्ड माझ्या शेजारीच दारात उभ्या होत्या.

"ते काढून दे, बाळ. नियम सगळ्यांना सारखा. बघ ना, आम्ही तो शिरोटोपसुद्धा कपाटात ठेवला."

"मग मीही कपाटातच बसते, मॅडम. तिथं पिसं चालतात ना?"

बाईंना हसावे की रागवावे हे कळेना. त्यांनी हात पुढे केला. डेलियाने पीस दिले नाही. ती आजोबांचा हात धरून परत गेली. आत तिचे नाव दोनदा पुकारले गेले, मग पुढचे पुकारले गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अखेरीस 'आमची निगा राखा' अशी विनवणी करतात. माझी निगा उत्तम राखली जाते. काच रोज पुसतात, माझ्यावर दिवा लावतात. तुम्हाला कुणाचा सन्मान करावासा वाटला, तर माझ्याजवळ थांबू नका. बाहेर जा. ती मुलगी अजून फार लांब गेलेली नसेल.