चेनीची शेवटची पिन

आमचे हे, रेवणसिद्ध, मुळात बोलतातच कमी. त्या दिवशी सोलापूरहून आलेल्या मेकॅनिकला ह्यांनी काम अर्ध्यावर टाकून परत पाठवलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. वळसंगच्या माळावर आमचं माती उपसायचं पोकलेन उभं होतं. जुनी चेन झिजून सारखी चाकावरून उतरायची, म्हणून नवी आणली होती. मेकॅनिकनं ती चाकांवर चढवून दोन्ही टोकं पुढच्या चाकाशी आणून ठेवली होती. आता एक पिन ठोकली की चेन जोडली जाणार. आणि हे म्हणतात, "ऱ्हाऊ दे. ही पिन घरच्यांनीच ठोकायची. महानंदा, प्रभूला बोलाव."

प्रभू माझा धाकटा दीर. मशीन दोघांचं, पण तीन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. मी म्हणजे दोन घरांमधली पोस्टमन.

अबोल्याचं कारणही अशीच एक पिन. एकानं ती भोकापाशी सरळ धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. चिमट्यानं धरा म्हणून मी घसा कोरडा केला. पण हातानं धरली की नीट बसते म्हणे. तीन वर्षांपूर्वी प्रभूनं धरली होती. ह्यांचा घण घसरला आणि प्रभूच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्याच सकाळी शेताच्या बांधावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. दवाखान्यात प्रभू सगळ्यांसमोर म्हणाला, "अण्णानं मुद्दाम मारला."

"मी मुद्दाम न्हाय मारला, प्रभू," हे म्हणाले. प्रभूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. पुन्हा ह्यांनी तो विषय काढला नाही.

आणि मी? ह्यांना जेवायला वाढताना कधीकधी हात थांबायचा. हा माणूस खरं बोलतोय ना? मी कधी विचारलं नाही, पण ते मनातून गेलंही नाही. नवऱ्याबद्दल असं वाटणं फार वाईट असतं.

मी प्रभूच्या घरी गेले. वाटलं होतं, हाकलून देईल. तो पायात चप्पल घालत म्हणाला, "मशीन माजंबी हाय की, वैनी."

तो आला तेव्हा हे पिन घेऊन चेनीपाशी गुडघ्यावर बसलेले होते. घण शेजारी उभा करून ठेवला होता. प्रभू पिन धरायच्या बाजूला वळला, सवयीनं.

"न्हाय," हे म्हणाले. "मी धरतो. तू मार."

आत्ता मला कळलं, मेकॅनिकला परत का पाठवलं ते. मी चिमटा पुढं केला, पण ह्यांनी घेतला नाही. भोकापाशी पिन उघड्या हातानं धरली आणि मान खाली घातली.

प्रभूनं घण उचलला. पहिला घाव बरोबर बसला. दुसराही. तिसऱ्या वेळी उरलेल्या तीन बोटांतून दांडा फिरला, घण पिनेच्या कडेवर आपटून घसरला आणि ह्यांच्या अंगठ्यालगत लोखंडावर आदळला. ह्यांनी हात हलवला नाही.

प्रभूच्या हातून घण खाली पडला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"अण्णा, मी मुद्दाम न्हाय मारला," तो म्हणाला.

"ठावं हाय मला," हे लगेच म्हणाले.

प्रभू मातीतच बसला. ह्यांच्याकडं बघत राहिला, मग आपल्या तुटक्या हाताकडं. तीन वर्षांपूर्वी हेच शब्द त्यानं ऐकले होते. मला लाज वाटली, कारण विश्वास मीही ठेवला नव्हता.

मग प्रभू सरकत पुढं आला आणि ह्यांचा हात बाजूला करून त्यानं स्वतःच्या तीन बोटांत ती पिन धरली.

"आता तू मार, अण्णा."

ह्यांनी घण घेतला, पण तो वर जाईना. प्रभू वाट बघत बसला, मान न वळवता.

"मार की," तो हळूच म्हणाला. "मी धरलीय."

ह्यांनी घण उचलला. मी डोळे मिटले नाहीत.