डावा खांदा

बेबीआक्का माझी थोरली नणंद. निपाणीत अंगणवाडीत शिकवतात. गेल्या वर्षी त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. केमो झाल्यावर डॉक्टर म्हणाले, भावाबहिणीत कुणाचं जुळलं तर त्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी चढवू, नाहीतर आजार उलटणार. भाऊ एकच, आमचे हे, परशराम. यांचं पुरेपूर जुळलं.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. मागच्या खोलीत चार पॉवरलूम, साड्यांचं काम. हे कधी दवाखान्याची पायरी न चढलेले. पण तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मधुवंतींनी विचारलं तेव्हा "घ्या की, काय पायजे ते घ्या" म्हणून मोकळे झाले.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पेशी हाडांच्या मगजात असतात, त्या रक्तात उतरायला हव्यात. म्हणून पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन रोज सकाळी एक, पाच दिवस. पाचव्या दिवशी रक्त मशीनमधून फिरवून पेशी काढून घ्यायच्या. "हाडं दुखतील, डोकं दुखेल, अंग तापल्यासारखं वाटेल. पॅरासिटामॉल घ्या. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. वेगळं काही वाटलं तर लगेच फोन करा." एक छापील कागदही दिला. कानडीत होता, मराठीतले संपले होते. यांनी तो माझ्या पिशवीत टाकला.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवायला बसले आणि पाटावरून उठता येईना. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड, सगळं ठणकत होतं.

"दाताची कळ असती न्हवं," हे म्हणाले, "तशी कमरंत हाय बघ."

गोळी घेतली की तीन-चार तास बरे जायचे, परत सुरू. तिसऱ्या दिवशी तर यांनी खोकला आला तरी छाती दाबून धरली. नर्सनं इंजेक्शन टोचताना "नोव ऐतेनरी?" म्हणून दुखण्याचं विचारलं, तर हे हसून म्हणाले, "थोडं, थोडं." घरी येऊन मात्र भिंतीला धरून चालत होते. डॉक्टरांनी हे सांगितलंच होतं, म्हणून मीही फार घाबरले नाही.

चौथ्या दिवशी इंजेक्शन घेऊन आल्यावर हे नेहमीप्रमाणे मागाजवळ गेले नाहीत. खाटेवर बसून डावा खांदा चोळत राहिले.

"काय झालं वो?"

"काय न्हाय गं. परवा बीम उचलला, त्याचं असंल."

मी तेल गरम करून आणलं आणि चोळायला लागले. खांदा कुठंच दाबून दुखत नव्हता. आणि हात थांबला माझा. वीस वर्षं बघतेय, सूत गुंडाळलेला तो जड बीम हे उजव्या खांद्यावर घेतात. डाव्यावर कधीच नाही.

"अवो, बीम तर उजव्या खांद्यावर घेता की तुमी."

मी पिशवीतला कागद काढला. माझी शाळा मराठी, कानडी मी बसच्या पाट्यांवरून शिकले, त्यामुळं एकेक अक्षर जुळवत वाचावं लागतं. खालच्या बाजूला जाड अक्षरात होतं, "एड भुज". डावा खांदा. त्याच्या पुढं पोटाची डावी बाजू आणि ताबडतोब कळवा.

"पोटात बी दुखतंय?"

"सकाळपासनं. बरगडीखाली."

"आणि तुमी न्हाय सांगितलं?"

"सांगून काय करू?" हे एकदम चिडले. "तिकडं आक्काच्या हाडातला मगज औषधानं जाळून टाकलाय त्यांनी. कागदावर सही करताना सांगितलंय मला. आता माझं थांबवलं तर ती कशावर जगंल? उद्याचा एक दिवस हाय, काढतो की मी."

त्यांचं खोटं नव्हतं. बेबीआक्का दवाखान्यात काचेपलीकडच्या खोलीत होत्या आणि त्यांच्या अंगात आता स्वतःचं रक्त तयार होत नव्हतं. मी फोन हातात घेऊन उभी राहिले. फोन केला तर त्यांचं काय, नाही केला तर यांचं काय. मोजत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. मी नंबर लावला.

डॉक्टर मधुवंतींनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "रिक्षात बसा. त्यांना गाडी चालवू देऊ नका."

तासाभरात सोनोग्राफी झाली. डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, ती या औषधानं फुगली होती आणि तिचीच कळ खांद्यात जात होती. क्वचित होतं म्हणे. फाटली नव्हती, आत रक्तस्राव नव्हता.

"फाटली असती तर?" मी विचारलं.

"तर उद्या मशीनवर बसायला हे राहिले नसते," डॉक्टर म्हणाल्या. मग यांच्याकडे वळून, जरा कडक आवाजात, "तुम्ही लपवून बहिणीला वाचवत नव्हता, परशराम. दोघंही गेला असता."

हे मान खाली घालून म्हणाले, "आक्काचं काय आता?"

"पाचवं इंजेक्शन नाही. आहे तेवढ्यावर बघू."

यांना तिथंच ठेवून घेतलं. सकाळी रक्त तपासलं तर पेशी पुरेशा उतरल्या होत्या. साडेचार तास हे दोन्ही हात सरळ ठेवून मशीनशेजारी पडून होते. शेवटी जी पिशवी भरली ती जेमतेम तळहाताएवढी, फिकट तांबूस रंगाची. मला वाटलं, एवढीच?

त्याच दुपारी ती बेबीआक्कांना चढवली.

यांची हाडं तीन दिवसांत शांत झाली. प्लीहा मूळ आकारावर यायला वेळ लागला. तोवर जड उचलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून बीम शेजारचे मष्णूअण्णा चढवून देत. हे माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "मी भ्यालतो गं." मी म्हटलं, "मी बी."

पेशी चढवल्यापासून सतराव्या दिवशी बेबीआक्कांच्या पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या. आणखी काही आठवड्यांनी आम्हाला त्यांना भेटायला सोडलं, तोंडाला मास्क लावून. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हळूहळू त्यांचा रक्तगट बदलून भावाचा होईल.

"परशा," त्या म्हणाल्या, आवाज अजून बारीकच होता, "आता तुझ्यागत दुखणं लपवायची सवय न्हाय ना लागायची मला?"

हे लाजून हसले. मी डब्यातला मऊ भात वाटीत काढला. आक्कांनी चार घास खाल्ले आणि पाचवा मागितला.