ऑपरेटरबाईंची सून

नर्सिंगचा परवाना दहा वर्षांहून जास्त काळ नुसता पडून राहिला, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते, असा नियम होता. धाकट्या सुनेचा परवाना बारा वर्षं पडून होता. ती काही आळसानं घरी बसली नव्हती. आधी नवऱ्याच्या बदल्या झाल्या, तीन गावं फिरून झाली. मग सासऱ्यांचं आजारपण निघालं. ते गेले आणि वर्षाच्या आत सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दर वेळी घरातलं कुणी ना कुणी म्हणायचं, "बरं झालं बाई, आपल्या घरातच नर्स आहे." हे कौतुक आहे असं तिला बरीच वर्षं वाटत होतं.

सासूबाई एके काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसल्या. चारेकशे नंबर त्यांना तोंडपाठ असत. एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, तरी लोक त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. आता डावा हात ठेवला तिथं पडून राहायचा, तोंडाचा डावा कोपरा ओघळलेला, जीभ जड. पण डोकं लख्ख, आणि उजव्या हाताची पकड अशी की मनगट धरलं तर सोडवून घ्यायला दोन माणसं लागावीत.

परीक्षेचा फॉर्म धाकटीनं कुणाला न विचारता भरला. भरून झाल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघ बाई, तुला झेपत असेल तर." हे त्याचं नेहमीचं उत्तर होतं, त्याचा अर्थ हो असाही व्हायचा आणि नाही असाही.

अभ्यासाला वेगळा वेळ नव्हताच. म्हणून तिनं चिठ्ठ्या लिहून सासूबाईंच्या खोलीत भिंतीवर चिकटवल्या. सकाळी त्यांचं अंग पुसताना, दर दोन तासांनी कूस बदलताना, घास भरवताना ती भिंतीकडं बघत पुटपुटायची. पाठ, कंबर, टाचा कुठं लाल झाल्यात का बघायचं आणि तोंडानं चालू, हेपॅरिन जास्त झालं तर प्रोटामिन, वॉरफॅरिन जास्त झालं तर व्हिटॅमिन के.

एका दुपारी ती म्हणत होती, "रक्तातलं पोटॅशियम, एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस."

"राँग नंबर," पलंगावरून आवाज आला.

धाकटी दचकली. सासूबाईंनी उजव्या हातानं भिंत दाखवली. "ते सोडियम. पोटॅशियम साडेतीन ते पाच. आठ दिवस ऐकतेय. रोज चुकतेस."

"आई, तुमच्या लक्षात आहे?"

"मला दुसरं काम काय आहे?" त्या म्हणाल्या. मग थांबून, एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "नंबर डोळ्यांनी पाठ होत नसतो, धाकटे. कानानं होतो. आणि प्रत्येक नंबराला एक माणूस लागतो. सोडियम म्हणजे तुझा मोठा दीर. एकशे पस्तीस, एकशे पंचेचाळीस, जड माणूस. पोटॅशियम म्हणजे तू. एवढंसं. पण जरा इकडंतिकडं झालं, की बाकीच्यांचं काळीज बंद."

धाकटी इतकी हसली की हातातला ओला रुमाल खाली पडला. पण सोडियम-पोटॅशियम पुन्हा कधी चुकलं नाही.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या भिंतीवरून उतरून सासूबाईंच्या मांडीवर आल्या. बरोबर आलं की त्या म्हणायच्या, "लागला." चुकलं की "राँग नंबर." अडखळली की "लाइन बिझी आहे, नंतर बघू," आणि ती चिठ्ठी उशीखाली जायची. तासाभरानं बेसावध गाठून पुन्हा विचारायच्या. धाकटी त्यांच्या अंगात गाऊन घालत असताना मुद्दाम विचारायच्या, "कपडे घालताना आधी कुठला हात?"

"लुळा."

"आणि काढताना?"

"चांगला."

"लागला. आता घाल लवकर, मला थंडी वाजतेय."

हे सगळं सुखानं चाललं असतं. पण एका रविवारी मोठे दीर आणि जाऊबाई आले. दीर विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि घरातही त्याच हुद्द्यावरून बोलायचे. ते आईच्या खोलीच्या दारात उभे राहून आईची चौकशी करत. आत येऊन पलंगावर बसलेले त्यांना तीन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. औषधांचा वास सहन होत नाही म्हणायचे.

"हा काय पसारा?" चिठ्ठ्यांकडं बघून त्यांनी विचारलं.

"परीक्षा आहे, दादा. परवान्याची."

"म्हणजे पुढं नोकरी."

"हो."

"आणि आई?"

जाऊबाईंनी सूर मऊ केला. "अगं, तुला काय कमी आहे? आणि चाळिशीला आलीस. त्या पोरींबरोबर परीक्षेला बसणार? नापास झालीस तर हसं व्हायचं."

"हसू दे की, वहिनी. हसणारे काही आईंची कूस बदलायला येत नाहीत."

दीर म्हणाले, "हे बघ, घरात नर्स असताना आईला परक्या बाईच्या हाती द्यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही."

धाकटीनं सासूबाईंच्या मांडीवरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. आवाज चढू नये म्हणून सावकाश केल्या. "दादा, मी या घरात नर्स नाहीये. सून आहे. नर्स व्हायला परवाना लागतो. तोच आणायला चाललेय."

नवरा खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत राहिला. सासूबाईंनी डोळे मिटले होते. दीरांना वाटलं, झोपल्या. धाकटीला माहीत होतं, झोपल्या की त्या घोरतात.

परीक्षा पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी होती. नवऱ्यानं कबूल केलं होतं की त्या दिवशी तो घरी राहील. आदल्या दिवशी चहाच्या वेळी तो कपाकडं बघत म्हणाला, "अगं, दादानं उद्या बोलावलंय. एक जागा बघायला जायचंय, लांब आहे. सकाळीच निघावं लागेल."

"उद्याच?"

"मालक उद्याच भेटणार आहे म्हणे. मोठ्या भावाला नाही कसं म्हणू?"

"मला जसं म्हणताय तसं म्हणा," ती म्हणाली.

ती मोरीत गेली, नळ सोडला आणि सासूबाईंच्या चादरी हातानं धुवायला बसली, मशीन बाजूला असताना. पिळून पिळून पिळल्या. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःची चीड. बारा वर्षं आपण दर वेळी समजून घेतलं, म्हणून तर यांना एवढं सोपं वाटतं. चादरी वाळत घालून ती खोलीत आली तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. भिंत पातळ होती आणि त्यांचे कान चौतीस वर्षं कामाला लावलेले.

"टॅक्सी सांग," त्या म्हणाल्या. "साडेसातची. मोठी सांग, माझी खुर्ची मावायला हवी."

"आई, तीन तासांचा पेपर आहे. कुठं बसाल?"

"खुर्चीत."

परीक्षेचं केंद्र म्हणजे एक जुनी शाळा होती. फाटकाशी पोरींची गर्दी, हातात चुरगळलेल्या वह्या, ओठ हलताहेत. चाकाची खुर्ची ढकलत धाकटी आली तशी वाट आपोआप मोकळी झाली. फाटकावर निवृत्तीला टेकलेला एक पहारेकरी होता. त्यानं हात आडवा केला.

"आजी आत चालणार नाहीत."

"मला कुठंच चालता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "बसेन."

मागच्या दोन पोरी फिसकन हसल्या. पहारेकऱ्याला हसावं की रागवावं कळेना. त्यानं केंद्रप्रमुख बाईंना बोलावून आणलं. त्या चष्मा कपाळावर ढकलत आल्या आणि म्हणाल्या, "हे नियमात बसत नाही."

"नियम काय म्हणतो, मॅडम?" धाकटीनं विचारलं. "परीक्षेच्या खोलीत परीक्षार्थीशिवाय कुणी नको, असं हॉल तिकिटावर छापलंय. मी पाठ केलंय, म्हणून दाखवू? ही फाटकाजवळची चौकी खोलीत येते का?"

"तुम्ही घरी कुणाला तरी ठेवून यायला हवं होतं."

"ठेवलं होतं. ते जागा बघायला गेलं."

बाईंनी तिच्याकडं, मग खुर्चीकडं, मग घड्याळाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कदाचित त्यांच्याही घरी कुणीतरी पलंगावर असेल. "चौकीत बसवा," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या. "पण पेपर संपेपर्यंत तुम्हाला बाहेर येता यायचं नाही. आजींना काही झालं तरी मी सोडणार नाही, आधीच सांगते."

धाकटी खुर्चीची मूठ सोडेना. सासूबाईंनी उजव्या हातानं तिचं मनगट पकडलं. "जा," त्या म्हणाल्या. "मला काहीही होणार नाहीये. मुद्दाम होऊ देणार नाही."

पाच मिनिटं होती. तेवढ्यात तिनं पहारेकऱ्याला शिकवलं, "काका, दर अर्ध्या तासानं ही उशी एकदा या बाजूला सरकवायची, एकदा त्या. पाणी चमच्यानं, उजव्या गालात. हनुवटी खाली असू दे, नाहीतर ठसका लागेल." शाळेतली पोरं बाईंचं ऐकतात तसा तो माणूस ऐकत होता. त्यानं तळहातावर पेननं लिहूनही घेतलं.

पेपर सोपा नव्हता. पहिल्या पानावरचे नंबर सगळे लागले. पण मधे आठ-दहा प्रश्न अशा औषधांवर होते जी बारा वर्षांपूर्वी जन्मालाच आली नव्हती, आणि त्यांची चिठ्ठी लिहायची राहूनच गेली होती. बाजूची विशीतली मुलगी भराभर लिहीत होती. चौकीकडून काही आवाज येतोय का म्हणून कान सारखे तिकडं जात होते. एकदा तर ती अर्धवट उठलीसुद्धा. मग खाली बसली आणि मनाला म्हणाली, आज कुणाचीही कूस बदलायची नाहीये. आज फक्त माझी. ज्या प्रश्नांत रोग्याचं अंग होतं, जखम होती, घास होता, तिथं तिला पुस्तक आठवावंच लागलं नाही. हातांना विचारलं आणि हातांनी सांगितलं ते लिहिलं. औषधांच्या प्रश्नांत चार उत्तरं अंदाजानं ठोकली. शेवटची घंटा होईपर्यंत तिनं पेपर सोडला नाही.

बाहेर आली तेव्हा पहारेकरी चौकीच्या दारात ओशाळून उभा होता. "ताई, उशी बरोबर सरकवली हं मी, सहा वेळा. पण आजींना... मला काही करता आलं नाही."

सासूबाईंचा गाऊन भिजला होता, आणि खुर्चीची गादीही. धाकटी खुर्चीपाशी खाली बसली. "आई..."

"भिजले," सासूबाई म्हणाल्या. "मग? परीक्षा कुणाची होती, तुझी का माझी?"

शाळेच्या मोरीत धाकटीनं त्यांना पुसलं, बरोबर आणलेले कोरडे कपडे घातले. आधी लुळा हात. केंद्रप्रमुख बाईंनी स्वतः बादली आणून दिली आणि दार धरून उभ्या राहिल्या. जाता जाता म्हणाल्या, "पास व्हा बरं का." सासूबाईंनी टॅक्सीतून त्यांना उजव्या हातानं सलाम केला.

सात आठवड्यांनी निकाल लागला. धाकटी पास झाली. फार वर नाही, मधल्या गर्दीतच कुठंतरी, पण पास. आठवड्याभरात तिनं एका हॉस्पिटलात मुलाखत दिली आणि सकाळची ड्यूटी पक्की केली. या वेळी नवऱ्याला आधी सांगितलं नाही, नंतरही नाही; नेमणुकीचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यानं वाचलं. पत्राची पुन्हा घडी घालत म्हणाला, "त्या दिवशी मी जायला नको होतं दादाकडं."

"नकोच होतं," ती म्हणाली. त्याला बरं वाटावं असं पुढं काही बोलली नाही.

रविवारी दीर आणि जाऊबाई आले. दीरांनी दारातूनच सुरुवात केली, "शेवटी केलंस मनासारखं. आता आईचं काय करायचं ते सांग."

"सांगते. आठवड्यातले सहा दिवस सात ते तीन मी नसेन. चार दिवस एक बाई येणार आहेत, मी त्यांना शिकवलंय. उरलेले दोन दिवस तुम्हा दोघा भावांचे. एक यांचा, एक तुमचा."

"माझा? मला हे जमायचं नाही. माझी पाठ..."

"कंबरेतून वाकलात तर दुखेल. गुडघ्यातून वाकायचं. आत या, दाखवते."

"आत्ता?"

"आत्ताच. त्यांची कूस बदलायची वेळ झालीय."

दीर बायकोकडं बघू लागले. जाऊबाई म्हणाल्या, "जा की," आणि आपली पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. नवरा आधीच पलंगाच्या पलीकडं जाऊन उभा राहिला होता. दीर उंबऱ्यावर घुटमळले, मग नाकानं श्वास रोखून आत आले.

"एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली," धाकटी म्हणाली. "ओढायचं नाही. कातडी सोलते. वळवायचं."

त्यांनी घाईनं ओढलं. सासूबाई कण्हल्या. "पोत्यासारखं काय करतोस रे? हात लाव नीट. चावत नाही मी."

"पुन्हा," धाकटी म्हणाली.

दुसऱ्यांदा अर्ध्यावर धीर सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, गुडघे वाकवले, आणि आई कुशीवर आली. त्यांचा श्वास सुटला. आईची पाठ त्यांच्यासमोर होती, बारीक झालेली, मणका न् मणका दिसणारी. ते तिच्याकडं बघतच राहिले. त्यांचा हात अजून तिच्या खांद्याखाली होता आणि तो त्यांनी काढला नाही.

"पाठीला उशी," सासूबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. "की तीही मीच ठेवू?"

दीरांनी उशी शोधण्यासाठी इकडंतिकडं पाहिलं. मग मदतीसाठी धाकटीकडं पाहिलं. उशी धाकटीच्या शेजारच्या खुर्चीवर होती, तिनं हात लांब केला असता तर पोचला असता. धाकटी हाताची घडी घालून उभी राहिली आणि जागची हलली नाही.