अक्षताची नखं

अक्षताची नखं मला काढता येत नाहीत. एवढ्याशा बोटाला कातर टेकवली की मी ती लगेच मागं घेते. ते काम सासूबाईंचं. गोजरबाई आधी चष्मा काढून माझ्या हातात देतात, पोरीचं बोट पार नाकाशी नेतात आणि एकेक नख अलगद उतरवतात.

म्हणून ह्यांनी डोळ्यांचं लेझर करून आपल्या मायचा चष्मा घालवायचं ठरवलं, तेव्हा मला आधी अक्षताची नखं आठवली. ह्यांचंही खोटं नव्हतं. माळावर शेळ्यांमागं धावताना सासूबाईंचा चष्मा पडला, आणि तो चाचपडेपर्यंत कुत्र्यांनी करडू ओढून नेलं होतं.

"पण जवळचं?" मी विचारलं.

"चष्मा गेला की सगळंच दिसंल. तुला काय, मायला चष्म्यातच ठेवायचंय?"



अक्षतालाही घेऊन आम्ही टेंभुर्णीहून जालन्याच्या दवाखान्यात गेलो. तपासणी झाली आणि मला राहवेना. "डॉक्टर, ह्या जवळचं चष्मा काढून बघतात. ऑपरेशननंतर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "आजी, चष्मा घालूनच नातीचं नख बघा. ऑपरेशननंतर उघड्या डोळ्यांना असंच दिसेल."

सवयीनं सासूबाईंचा हात चष्म्याकडे गेला. बाईंनी तो धरला. "काढायचा नाही."

सासूबाईंनी अक्षताचं बोट जवळ आणलं. मग दूर नेलं. आणखी दूर. अक्षता रडू लागली.

"पोरगी लांब चालली की वं," त्या म्हणाल्या.



"वयाप्रमाणे होतं ते," बाई म्हणाल्या. "जवळचा चष्मा लागेल. नाहीतर एका डोळ्यात थोडा नंबर ठेवू. एक लांबचा, एक जवळचा. पण सगळ्यांना जमत नाही. आधी काही दिवस लेन्स घालून पाहू."

"न्हाई. शेळ्या मला काचेतून बराबर दिसत्यात. हिची नखं कोण काढील? ही?" त्यांनी माझ्याकडं हनुवटी केली. "हिला तर कांदा चिरतानी घाम फुटतो. पोरीला सोताची नखं काढता आली, मंग बघू."

"आन् करडू, माय?"

"दोरी बांध चष्म्याला."

घरी आल्यावर ह्यांनी काळा गोफ चष्म्याच्या दोन्ही काड्यांना स्वतः बांधला, गाठी ओढून पाहिल्या.

संध्याकाळी सासूबाईंनी नखं काढायला अक्षताला मांडीवर घेतलं, चष्मा उतरवला. मी सवयीनं हात पुढं केला. चष्मा त्यांच्या छातीवरच लोंबत राहिला.