टाकीतल्या सासूबाई

त्या कारखान्यात एक भलीमोठी स्टीलची टाकी होती, आणि तिच्यातली हवा शोषून काढायचं काम एका बाईकडे होतं. सगळे तिला टाकीवालीच म्हणायचे. अवकाशात जायच्या वस्तू आधी या टाकीत, निर्वात जागेत, तापवून आणि गारठवून बघायच्या. इथे टिकली तर वर टिकेल, सरळ हिशोब.

निर्वात जागेची तऱ्हाच वेगळी हो! आत घंटा बडवा, बाहेर ढिम्म ऐकू येत नाही. पण दिवा लावा, काचेतून लख्ख दिसतो. पंखा लावून काही गार होत नाही, कारण वारा घालायला हवाच नाही. ऊब येते-जाते ती उन्हासारखी, लांबूनच. आणि तापलेल्या वस्तूतून एखादा कण सुटला, तर त्याला वाटेत अडवायला कुणी नसतं. तो नाकासमोर सरळ जातो आणि गार जागा दिसली की तिथे ठाण मांडतो. ती जागा म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग असेल तर कारभार आटोपला.

म्हणून जुन्या फोरमनकाकांनी एक रीत घालून दिली होती. वस्तूला जोडलेल्या विजेच्या तारा आणि भिंग यांच्या मध्ये तांब्याचा पत्रा टांगायचा. तो सगळ्यांच्या आधी गार करायचा आणि सगळ्यांच्या शेवटी कोमट होऊ द्यायचा. जे काही सुटेल ते त्याच्यावर बसेल. त्या पत्र्याचं नाव पडलं होतं सासूबाई, कारण कुणाचंही खापर असो, फुटणार तिच्याच माथी! टाकीवालीला या नावाचं भारी हसू यायचं. पत्रा गार करण्यात अर्धा दिवस जायचा, काका तर कधीच निवृत्त झाले होते, पण रीत मोडायला तिचा हात धजत नव्हता.

त्या दिवशी कॅमेरेवाला आला. बरीच वर्षं खपून त्याने एकच कॅमेरा बनवला होता.

"ताई, याला जुळा भाऊ नाही," तो म्हणाला. "भिंग धुरकटलं तर माझी सगळी मेहनत पाण्यात."

टाकीवालीचं निम्मं चित्त घरी होतं. लेक तापाने फणफणली होती, खऱ्याखुऱ्या सासूबाईंच्या जिवावर तिला सोडून ही आली होती. पत्रा टांगून झाला होता आणि ती तारा बसवत होती. चिमटा लावेपर्यंत तार धरून ठेवायला तिसरा हात कुठून आणणार? तिने घरगुती चिकटपट्टीचा तुकडा लावला, मग काढू म्हणून. तेवढ्यात फोन वाजला. सकाळपासून सासूबाईंचा हा तिसरा. आधी औषधाचा चमचा सापडत नव्हता, मग थर्मामीटर.

"अगं, ऐक ना..."

"आई, आत्ता नको हो! कामात आहे, कळत नाही का तुम्हाला?"

तिने फोन कापला आणि तणतणत टाकीचं दार लावलं. चिकटपट्टी आतच राहिली.

हवा निघाली, पत्रा गार झाला, तापवायचे दिवे लागले, कॅमेरा तापू लागला. आणि खाली जायचा दाबाचा काटा वर सरकला! तिने काचेला डोळा लावला. दिव्याच्या झोतात चिकटपट्टी वळून तपकिरी पडत होती, तिचा गोंद कण सोडत होता. तिने झटकन दिवे बंद केले, पण दार उघडायची सोय नव्हती. तापलेल्या भिंगावर एकदम हवा सोडली तर ते तडकायचं.

'त्या फोनपायी झालं सगळं!' पहिला विचार हाच आला. घ्या! टाकीतली सासूबाई कमी होती म्हणून घरच्या सासूबाईंच्याही माथी खापर. पण बाई मुळात खोटी नव्हती. तिने कॅमेरेवाल्याला स्पष्ट सांगितलं, "चूक माझी आहे." तो स्टूल ओढून काचेसमोर बसला.

आता वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. तिने सगळं सावकाश निवू दिलं, पत्र्याचा गारवा मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी दार उघडलं. कॅमेरेवाल्याने भिंगावर तिरपी बॅटरी मारली.

"ताई, स्वच्छ आहे हो! डाग नाही, काही नाही!"

डाग पत्र्यावर होता, पिवळट, हाताच्या पंजाएवढा. मध्ये तारेच्या चिमट्याची सावली कात्रीने कापावी तशी उमटली होती. सगळे कण सरळ आले होते आणि एकूणएक पत्र्याने अंगावर घेतले होते.

"तुमच्या सासूबाईंनी वाचवलं मला," तो हसत म्हणाला. "माझा नमस्कार सांगा त्यांना."

टाकीवाली हसली नाही. ती बाहेर गेली आणि तिने घरी फोन लावला.

"आई, सकाळी फोन कशाला केला होता?"

"काही नाही गं. पोरीचा ताप उतरला, तेवढंच सांगायचं होतं. म्हटलं, तू तिकडे जिवाला घोर लावून काम करत असशील."

"मी केवढी ओरडले तुमच्यावर."

"ओरडलीस तर ओरडलीस. साहेबावर ओरडली असतीस तर नोकरी गेली असती. माझं काय जातंय?"

"आई, तुम्ही आहात म्हणून मी इथे उभी आहे. कधी म्हटलं नाही मी तुम्हाला."

तिने फोन कानाशी आणखी दाबला.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय गं, येतंय," म्हातारी म्हणाली. "लवकर ये. पोरगी वाट बघतेय. मीही बघतेय."

टाकीवाली आत आली. तिने दोन्ही हातांनी पत्रा उतरवून घेतला आणि पुसायच्या आधी जरा वेळ तसाच धरून उभी राहिली.