भिंतीकडे बघून हसणारी पोरं

आमच्या खात्याचं पाटीवरचं नाव 'अनाकलनीय घटना चौकशी कक्ष'. बाकी सगळं ऑफिस आम्हाला भुताटकी खातं म्हणतं. म्हणू देत. कँटीनमध्ये कुणी विचारलं, "काय बाई, आज कुणाच्या मानगुटीवर?" तर मी "तुमच्याच" म्हणते आणि चहा घेते. इतकी वर्षं हे काम करतेय, पण एक भूत भेटेल तर शपथ. भेटले ते गळके पाइप, घुशी, सैल पत्रे आणि सासऱ्याने खोली रिकामी करावी म्हणून रोज कपाट वाजवणारा एक जावई.

पाळणाघराची तक्रार आली तेव्हा मी म्हटलं, हे तर चुटकीसरशी होईल. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत पोरं, एकीत स्वयंपाक. चालवणारी बाई एकटी, सगळे तिला मावशी म्हणायचे. जेवणं झाली की मावशी पोरांना चटईवर झोपवायची, अंधार करायची आणि शेजारच्या खोलीत भांडी घासायला जायची. तेवढ्यात पोरं हसायला लागायची. मावशीने दार उघडलं की गप्प. असं बरेच दिवस चाललं, आणि तिला वाटलं, पोरंच ती, हसणारच.

मग एका मुलीची आई दुपारी लवकर न्यायला आली. ती बँकेत कामाला. तिने दार जरासं ढकललं, तर अंधारात सगळी पोरं उताणी पडून कोऱ्या भिंतीला हात हलवत होती. तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो सगळ्या आयांच्या ग्रुपवर फिरला आणि संध्याकाळपर्यंत पाळणाघर निम्मं रिकामं झालं. उरली ती ज्यांना दुसरा इलाजच नव्हता त्यांची पोरं. त्यात त्या बँकवालीची चिमीसुद्धा होती.

बँकवाली माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "माझे वडील जाऊन अजून वर्ष झालं नाही. आणि चिमी भिंतीकडे बोट करून आजोबा म्हणते. मी काय समजायचं, सांगा."

ती रडत नव्हती, पण मी माझा चहा तिच्यापुढे सरकवला.

वरून हुकूम आला की शुक्रवारपर्यंत कारण सापडलं आणि आयांनी तक्रार मागे घेतली तर ठीक, नाहीतर शनिवारी पाळणाघराला कुलूप. मावशीने हे ऐकलं आणि भांडं घासता घासता म्हणाली, "लावा. मग मी काय करू तेही लिहा त्यात." तिला दुसरं काही येत नव्हतं आणि मागेपुढे कुणी नव्हतं. लोकांची पोरं सांभाळत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

आम्ही रीतसर गेलो. आमच्या कामाचे नियम ठरलेले आहेत: जागा रिकामी करा, खिडक्या उघडा, सगळे दिवे लावा, मग मोजा. फोटो स्वच्छ यायला पाहिजेत ना! माझा जोडीदार सगळं मोजत सुटतो, म्हणून त्याला आम्ही मोजपट्टी म्हणतो. त्याने भिंत मोजली, हवा मोजली, आवाज मोजला. मग भिंतीला कान लावून बराच वेळ उभा राहिला.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या."

आम्ही पुन्हा एकदा गेलो, पुन्हा तेच. मोजपट्टीने 'काही आढळले नाही' असा अहवाल टाइप करून टाकला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "काही आढळलं नाही म्हणजे कारण सापडलं नाही, आणि कारण सापडलं नाही म्हणजे कुलूप! कळतं का तुला?" तो म्हणाला, "मग काय भूत लिहू?" मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

गुरुवारी दुपारी मी एकटीच मावशीकडे गेले. म्हटलं, कुलूप लागणारच आहे तर निदान तोंडाने सांगावं, कागद बघून कळायला नको. तर दारात मावशी घामाघूम. गॅसवर दूध उतू जात होतं आणि चिमी झोपेना म्हणून गळा काढत होती. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "बाई, जरा पडा हो हिच्याजवळ. कुणी शेजारी असलं की गप्प होते." आणि मला आत ढकलून तिने दार ओढून घेतलं.

आता सरकारी अधिकाऱ्याला कुणी असं सांगतं का? पण पडले. माझे गुडघे कुरकुरले, चटईवर कुणाचं तरी ओलं बिस्किट होतं, ते पाठीला चिकटलं. अंधार गुडुप्प. चिमीने माझं बोट धरलं. माझेही डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात चिमी खुदकन हसली. "आजोबा," म्हणाली.

मी डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर, पार छताजवळ, हातभर उंचीचा एक माणूस डोकं खाली आणि पाय वर करून खुर्चीत बसला होता. आणि तो हात हलवत होता.

खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली. इतक्या वर्षांची नोकरी, आणि मी अशी किंचाळले की मावशी उलथनं घेऊन धावत आली. तिने दार उघडलं, उजेड आला आणि माणूस गायब.

"दार लाव!" मी ओरडले. "मावशी, आत ये आणि दार लाव!"

अंधारात पुन्हा डोळे सरावेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून बसलो. मग तो हळूहळू दिसायला लागला. निळा स्वेटर, खुर्ची, मागे लाल पिंप, सगळं उलटं. त्याच्या बाजूने एक सायकलसुद्धा उलटी गेली. सायकल बघितली आणि माझी भीती पळाली. भुताटकीत सायकल कुठून येणार?

पोरांना ऊन लागतं म्हणून मावशीने दोन महिन्यांपूर्वी खिडकीला दुपारपुरती आतून लावायला जाड फळी करून घेतली होती. फळी जुनी होती आणि तिला बिजागरीच्या स्क्रूचं एक भोक राहिलं होतं. मी भोकावर बोट ठेवलं की भिंत कोरी. बोट काढलं की आजोबा हजर. बाहेर लख्ख ऊन, आत मिट्ट अंधार आणि मध्ये एवढंसं भोक. समोरचा रस्ता त्यातून उलटा होऊन भिंतीवर पडत होता. शाळेत शिकले होते हो मी हे! आणि आम्ही दोनदा येऊन आधी काय केलं, तर खिडकी उघडली आणि दिवे लावले. मी कपाळावर हात मारला. मावशीला मात्र हसू आवरेना, ती तोंडात पदर कोंबून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

समोरच्या घरात तळमजल्यावर लाल पिंप होतं आणि त्याच्या पुढे खुर्चीत ते आजोबा. बसचे निवृत्त ड्रायव्हर. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेलेला. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम बायको त्यांच्याकडून रोज दुपारी उन्हात बसवून करून घ्यायची. डाव्या हाताने उजवा धरायचा आणि वर न्यायचा. ती "वर, अजून वर" म्हणायची आणि ते तिला शिव्या द्यायचे.

मी त्यांना आनंदाने सगळं सांगितलं, तर गडी भडकला. "म्हणजे मी लोळागोळा होऊन पडलोय, आणि वर पोरं बघून हसतात?"

"हसत नाहीत हो, हात हलवतात!"

"मी काय माकड आहे, खेळ दाखवायला? उद्यापासून व्यायाम बंद."

इथे मी गोड बोलायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं. "राहू द्या! तुमचा हात, तुमची मर्जी!" असं म्हणून तरातरा निघून आले.

शुक्रवारी दुपारी सगळ्या आया जमल्या. कडक इस्त्रीच्या कपड्यांत चटईवर उताण्या पडल्या, पोरं मध्ये, मोजपट्टी कोपऱ्यात. अंधार केला. भिंतीवर रस्ता उमटला, लाल पिंप उमटलं. आयांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. पण खुर्ची रिकामी. आम्ही वाट बघितली. पोरं कंटाळून लोळायला लागली. खुर्ची रिकामीच.

बँकवाली उठून बसली. "रस्ता दिसतो, मान्य. पण माझी मुलगी आजोबा कुणाला म्हणते?"

मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर." सगळी वरात जिना उतरून रस्ता ओलांडून ड्रायव्हरच्या दारात. त्यांच्या बायकोने त्यांना हाताला धरून बाहेर आणून बसवलं. आजोबा फुगलेले, हात मांडीवर, नजर तिसरीकडेच.

बँकवालीने चिमीला खाली उतरवलं. "बघ, हे आजोबा का?"

चिमीने बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि मान हलवून "नाही" म्हणाली.

बँकवालीने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. तिने चिमीची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल बाळा, घरी जाऊ." मावशी माझ्या मागेच उभी होती. मला वाटलं, संपलं हिचं सगळं, आणि ते माझ्या तोंडामुळे.

चिमी आईबरोबर दोन पावलं गेली. मग हात सोडवून घेतला, तिथेच आजोबांकडे पाठ करून ओणवी झाली, डोकं जमिनीला टेकवलं आणि पायांमधून मागे बघितलं.

"आजोबा!" ती अशी ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली. "आई, आजोबा!" आणि तशीच ओणवी राहून हात हलवायला लागली. तिचं बघून बाकीची पोरं पटापट ओणवी झाली. रस्त्याच्या कडेला ढुंगणांची रांग लागली, आणि प्रत्येक पायांच्या मधून एक हसरं तोंड. "आजोबा, आजोबा!"

ड्रायव्हरचा चेहरा आधी आक्रसला आणि मग एकदम फुटला. माणूस हसायला लागला. हसता हसता त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. डावा होता तिथेच खुर्चीच्या दांडीवर. हात थरथरत छातीपर्यंत आला आणि बोटं हलली. बायको "अजून वर" म्हणायचं विसरून भिंतीला टेकली.

बँकवाली परत आली. मग खांद्यावरची पिशवी काढून तिने मावशीच्या हातात दिली.

"हिने दूध घेतलं नाहीये," ती नाक पुसत म्हणाली. "सहाला येते न्यायला."