टाकीबाबांची पितळी चकती

टाकीबाबांच्या आवारात त्या दिवशीही पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत गाड्यांची रांग होती आणि जवळपास प्रत्येक मालकाच्या हातात पेट्रोलचा कॅन होता. वासाने डोकं भणभणत होतं. इतक्या गर्दीत कुणी विडी पेटवली नाही, हाच काय तो त्या जागेवरचा खरा चमत्कार.

"रिकामं असतं ते माणसाचं मन," ओट्यावर बसलेले बाबा डोळे मिटून सांगत होते. "टाकी कधीच रिकामी नसते. ज्याने भरवसा ठेवला, त्याचा काटा खाली आला नाही. आणि ज्याला पेट्रोल लागतच नाही, त्याने ते साठवायचं तरी कशाला? इथे ठेवा आणि मोकळे व्हा."

लोक कॅन ठेवत होते आणि मोकळे होत होते.

मी रांगेकडे बघत होते. मोटारसायकलवाल्याला शिष्याने परत पाठवलं, "तुमची वेळ अजून आली नाही." ट्रकवाल्याची वेळही आली नव्हती. वेळ आली होती ती फक्त एकाच बनावटीच्या छोट्या व्हॅनची. दैवी कृपा एकाच मॉडेलला बसते हे पाहून मला फार मौज वाटली. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. घरचे त्याला खोड म्हणतात.

निवडलेली व्हॅन पडद्यामागे जायची. बाहेर यायची तेव्हा ड्रायव्हरच्या दारात, खालच्या पट्टीवर, एक पितळी चकती स्क्रूने बसवलेली असायची आणि पेट्रोलचा काटा फुलच्या खुणेला टेकलेला असायचा. मग अटी. चकतीला हात लावायचा नाही, पंपाची पायरी चढायची नाही आणि दर आठवड्याला गाडी दर्शनाला आणायची. कॅनसकट.

माझ्या पुतण्याने हे सगळं निष्ठेने पाळलं होतं. आजही तो कॅन ठेवून, नमस्कार करून आला होता. पोराची दया येत होती आणि रागही येत होता, कारण त्याच्या गाडीत मागे बसतो तो माझा दादा, म्हणजे त्याचे वडील. दादाच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. एक दिवसाआड त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला डायलिसिसला न्यावं लागतं. गेल्या आठवड्यात काटा फुलवर असताना गाडी पुलावर बंद पडली. पोहोचेपर्यंत दादाचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. पाय सुजलेले, श्वास लागलेला, असा तो बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होता.

बाबांकडे याचंही उत्तर तयार होतं. घरात कुणीतरी शंकेखोर आहे.

"आत्या," घरी आल्यावर पुतण्या माझी नजर चुकवत म्हणाला, "उद्या तू गाडीत बसू नकोस. बाबांच्या तब्येतीचा प्रश्न आहे."

"कुठल्या बाबांच्या?"

"माझ्या. वडिलांच्या."

"मग त्यांच्यासाठीच विचारते. टाकीत पेट्रोल आहे का?"

"काटा बघ ना. फुल आहे."

"काटा नाही विचारला मी. टाकी विचारली."

"एकच आहे ते."

इथे मी हात टेकले. एवढा शिकलेला मुलगा, हिशेब तोंडी करणारा, आणि याला काटा म्हणजेच टाकी वाटते. "बरं, नाही बसत गाडीत," मी म्हटलं. "पण मला मागची सीट उचलून बघू दे."

"चकतीला हात लावशील."

तेवढ्यात दादा खुर्चीतून म्हणाला, "पाय माझे सुजले होते रे, टाकीबाबांचे नाही. उचलू दे तिला."

वडिलांपुढे त्याचं काही चाललं नाही. गाडी अंगणात आणली, सगळी दारं सताड उघडी टाकली. मागची सीट उचलली, तिच्याखालचं झाकण काढलं. टाकीच्या माथ्यावर वायरींचा प्लग दिसला.

"संडासच्या फ्लशच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो ना, तसाच एक हिच्या पोटात आहे," मी सांगितलं. "पेट्रोल कमी झालं की तो खाली जातो, आणि या वायरीतून काट्याला कळतं. या गाडीत प्लग काढला की काट्याने खाली यायला हवं. काढते. तू चावी फिरव आणि काटा बघ."

त्याने चावी फिरवली. "फुल आहे," तो म्हणाला. आवाजात विजय होता.

"गोळ्याशी संबंध तोडला तरी काटा फुल म्हणतोय. म्हणजे त्याला भलताच कुणीतरी पढवतोय. ही वायर वाटेत कुठेतरी गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. तशी टेकली की काटा फुल दाखवतो, टाकी कोरडी ठणठणीत असली तरी."

मी मागून वायरीचा माग काढत निघाले. सीटखालून ती गालिच्याखाली शिरली आणि दाराच्या पट्टीखालून पुढे गेली. पट्टीचे बाकी स्क्रू गंजके होते. चकतीचा तेवढा नवा, चकचकीत. तो सरळ वायरीतून आरपार पत्र्यात घुसला होता. या बनावटीत वायर नेमकी इथूनच जाते, म्हणून कृपाही याच मॉडेलला.

पुतण्याने वाकून ते पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर त्यानेच माझ्या हातातून घेतला. चकती सुटली आणि काटा धाडकन तळाला गेला. मी मागचा प्लग परत जोडला. काटा जरासा हलला आणि लाल खुणेखाली थांबला.

"इतकंच पेट्रोल?" तो पुटपुटला. "मग इतके दिवस गाडी चालली कशी?"

"तू कॅनभर नेऊन द्यायचास. पडद्यामागे त्यातलंच थोडं तुझ्या टाकीत पडायचं. उरलेलं बाबांचं."

 त्याने वडिलांच्या पायांकडे पाहिलं. मग आम्ही सोललेली वायर साफ केली, इन्सुलेशन टेपने गुंडाळली आणि स्क्रूच्या भोकापासून दूर बांधली. त्याने पंपावर जाऊन टाकी भरली. काटा मुकाट्याने वर चढला. दुसऱ्या दिवशी दादा वेळेवर मशीनला लागला.

पुढच्या दर्शनाला पुतण्या गेला, पण कॅन न घेता. मीही गेले. त्याने घडलेलं सगळं रांगेत सांगितलं, चकती दाखवली. लोक हसले. एक शिंपीकाका आपल्या व्हॅनपुढे आडवे उभे राहिले.

"तुमची काढून दाखवू का?" पुतण्याने विचारलं.

"नको. काटा खाली येईल."

म्हणजे काकांना सगळं ठाऊक होतं. टाकी रिकामी असण्याची भीती नव्हती, ती रिकामी दिसण्याची होती.

"येऊ दे खाली, काका," पुतण्या म्हणाला. "माझे वडील पुलावर तडफडत होते, तेव्हाही काटा वरच होता."

व्हॅनमध्ये मागे काकांची मुलगी तान्हं बाळ घेऊन बसली होती. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाले. स्क्रू निघाला, काटा कोसळला. मग दुसऱ्याने आपली चकती काढायला घेतली. ओट्यावर बाबांचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. त्यांची स्वतःची व्हॅन झाडाखाली उभी होती. तिला चकती नव्हती.

लोक आपापले कॅन उचलून फाटकाबाहेर पडू लागले. मला कुणाच्या श्रद्धेशी भांडायचं नाही. एवढंच सांगायचं आहे की जो तुम्हाला काटा दाखवतो आणि टाकी उघडू नका म्हणतो, त्याच्यासमोरच टाकी उघडा. मागच्या सीटवर तुमचंच कुणीतरी बसलेलं असतं.